लाल-काळा स्वेटर आणि मेलबर्नचे सहा दिवस

हे सगळं एप्रिल २०२३ चं. लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं, आता ताईनं परवा जुने फोटो पाठवले तेव्हा म्हटलं आता तरी लिहून टाकूया.

आधीच सांगतो, मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की घरात जेवण कधी होणार हे मॅचवर ठरतं अशा घरातला. त्यामुळं फुटबॉलचं वेड काय असतं हे मला कुणी शिकवू नये असा माझा एक माज होता. तो मेलबर्नात सहा दिवसांत बराचसा उतरला.

गुरुवार, २० एप्रिल

सिंगापूरमार्गे सकाळी उतरलो. ताईनं (मावसबहीण, टार्नीटला राहते) फोनवर बजावलेलं की इकडं थंडी सुरू झालीय, म्हणून महाद्वार रोडवरनं घेतलेला लाल-काळ्या पट्ट्यांचा स्वेटर अंगात घालूनच आलो. बाहेर दाजी उभे. मला बघितलं आणि कडकडून मिठी मारली, आता दाजी तसा मिठी मारणारा माणूस नव्हे, लग्नात पण नुसता हात मिळवलेला. मला वाटलं परदेशात राहून माणूस हळवा झाला. नंतर कळलं की मिठी मला नव्हती, स्वेटरला होती. लाल-काळा म्हणजे एसेंडनचा रंग, आणि दाजी एसेंडनचे.

घरी जायच्या आधी गाडी विमानतळाच्या जवळच एका मोठ्या शेडकडं वळवली. एसेंडन क्लबचं ट्रेनिंग सेंटर, नाव काय तर ‘द हँगर’. टीमचं टोपणनाव बॉम्बर्स, कारण त्यांचं जुनं मैदान एसेंडनच्या विमानतळाजवळ होतं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नाव चिकटलं. चौदा-पंधरा तासांचा प्रवास करून आलेला पाहुणा, तोंड धुतलेलं नाही, आणि त्याला आधी क्लबचं दर्शन. आमच्याकडं गाडी घेतली की आधी अंबाबाईला नेतात तसं.

घरी भाच्यानं दार उघडलं. वय वर्षं दहा. स्वेटर बघून म्हणतो, “मामा, हे काय घातलंयस?” आणि तोंड पाडून आत गेला. ताई म्हणाली, तो कॉलिंगवूडचा, बापलेकाचं या विषयावर पटत नाही, तू यात पडू नकोस. पण पडलो होतोच ना मी, विमानतळावरच.

जेवताना दाजींनी सगळं समजावलं. इथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नाही, अंड्यासारखा लांबट बॉल, मैदान पण लंबगोल, एका बाजूला १८ जण, हातानं पण खेळायचं पायानं पण, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून मारला की सहा पॉईंट, बाजूच्यातून गेला की एक. लोक त्याला ‘फुटी’ म्हणतात. देशातल्या मुख्य लीगमध्ये, एएफएलमध्ये, १८ टीम, त्यातल्या १० एकट्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आणि त्यातली जिलाँग सोडली तर नऊच्या नऊ मेलबर्नच्या. कारण मुळात ही शहरातल्या भागाभागांची स्पर्धा होती. रिचमंड, कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, सेंट किल्डा, हॉथॉर्न ही सगळी भागांची नावं. म्हणजे शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठच की, फक्त स्टेडियममध्ये लाखभर माणूस बसतंय.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता. सगळ्यात जास्त फॅन कुणाचे?

दाजी म्हणाले मेंबरशिप बघ. इथं क्लबचा मेंबर म्हणजे वर्षाचे पैसे भरून झालेला माणूस, नुसता टीव्हीसमोर ओरडणारा नव्हे. २०२२ साली तीन क्लब लाखाच्या वर होते, पर्थचा वेस्ट कोस्ट, रिचमंड आणि कॉलिंगवूड. आणि गंमत म्हणजे वेस्ट कोस्टनं त्या वर्षी २२ पैकी फक्त दोन मॅच जिंकलेल्या. दोन! त्यांचं स्टेडियम ६० हजारांचं, म्हणजे पैसे भरूनही सगळ्यांना बसायला जागा नाही, तरी लोक पैसे भरतात. भाचा मधेच म्हणाला की तिकडं पर्थमध्ये दोनच टीम आहेत, इथं नऊ, मग त्यांचे जास्त होणारच. मुद्दा बरोबर होता. शिवाय तीन मॅचवाली मेंबरशिप असते, लहान मुलांची असते, काही क्लब तर कुत्र्यामांजरांची पण विकतात, मग आकड्याचं काय खरं धरायचं. (हे लिहिताना अजून एक आठवलं, टास्मानियाची नवी टीम २०२८ ला येणार आहे, तिनं २०२४ मध्ये १० डॉलरला मेंबर व्हा म्हटलं तर दोन लाखांच्या वर लोक झाले, एकही मॅच न खेळता, मैदानाचा वाद चालू असताना.)

“बरं मग फायनल जिंकण्यात पुढं कोण?” मी विचारलं.

दाजींनी ताट बाजूला सारलं, लेकाकडं बघितलं आणि अगदी सावकाश म्हणाले, “आम्ही सोळा. कार्लटन सोळा. आणि हे... पंधरा.”

भाचा उठून गेला.

शुक्रवार, २१ एप्रिल

दाजी कामावर, भाच्याची सुट्टी संपत आलेली. ताई म्हणाली चल तुला याच्या देवळात नेते. टार्नीटहून ट्रेन, मग गाडी बदलून व्हिक्टोरिया पार्क स्टेशन. कॉलिंगवूडचं जुनं मैदान, इथं १९९९ पर्यंत मोठ्या मॅच व्हायच्या. आता मैदान उघडंच असतं, कुणीही आत जावं. मी मनात मोठं काहीतरी धरून गेलेलो आणि समोर बघतो तर जुने स्टँड, गवत, आणि लोक कुत्री फिरवतायत. चारी बाजूंनी घरं इतकी चिकटून की गोल झाला की स्वयंपाकघरात कळत असणार.

भाचा मात्र आत शिरताना गप्प झाला. टोपी सारखी केली. दहा वर्षांचं पोरगं, जे मैदान बंद झाल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलं, ते मला बोट दाखवून सांगतंय की १९२७ ते १९३० सलग चार वर्षं आपण जिंकलो आणि तसं अजून कुणाला जमलेलं नाही. ‘आपण’ म्हणाला बरं का. त्याचे आजोबा कागलचे.

तिथं एक म्हातारा होता, सोबत काळं-पांढरं कुत्रं, म्हणजे कॉलिंगवूडच्याच रंगाचं, ते पण मला मुद्दाम निवडलेलं वाटलं. माझ्या स्वेटरकडं बघून म्हणाला, पूर्वी हा रंग घालून या गेटातनं आत यायला छाती लागायची. मी म्हटलं काका, स्वेटर कोल्हापूरचा आहे. त्याला काही कळलं नाही पण हसला, आणि मग बोलतच सुटला. १९७० ची फायनल त्यानं लहानपणी बापाच्या खांद्यावरनं बघितलेली. कॉलिंगवूड विरुद्ध कार्लटन, गर्दी १,२१,६९६, आजवरचा विक्रम, आता तेवढी माणसं मावतच नाहीत. मध्यांतराला कॉलिंगवूड ४४ पॉईंटनी पुढं होतं आणि हरलं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी हे सांगताना त्यानं कुत्र्याची साखळी हाताला गुंडाळायला सुरुवात केली, एक वेढा, दोन वेढे, शेवटी कुत्रं जवळजवळ त्याच्या मांडीला येऊन टेकलं.

१९५८ नंतर थेट १९९० लाच ते परत जिंकले. मधे आठ फायनल हरले. लोकांनी त्याला नावच पाडलं, ‘कॉलिवॉबल्स’, म्हणजे फायनल आली की कॉलिंगवूडच्या पोटात गोळा. आणि याच काळात क्लबचे फॅन कमी झाले नाहीत. गरीब कामगारांचा भाग, बूट कारखान्यांचा, बाकी शहरानं नाक मुरडायचं, अजून पण यांच्या फॅनला दात नसतात असले जोक चालतात. दाजींचं एक वाक्य पण इथंच सांगतो, मेलबर्नमध्ये प्रत्येकाच्या दोन आवडत्या टीम असतात, एक स्वतःची आणि दुसरी जी कोण कॉलिंगवूडविरुद्ध खेळत असेल ती. मला वाटतं कुणाचे फॅन जास्त याचं हेच खरं माप आहे. उगाच कोण कुणावर एवढं जळतंय का?

पण सगळं गोड नाही. याच मैदानावर एप्रिल १९९३ मध्ये सेंट किल्डाचा आदिवासी खेळाडू निकी विनमार, मॅचभर गर्दीतनं त्याच्या रंगावरनं घाणेरडं ओरडणं चाललेलं, मॅच जिंकल्यावर त्यानं त्याच गर्दीसमोर उभं राहून जर्सी वर केली आणि आपल्या काळ्या पोटाकडं बोट दाखवलं. त्या क्षणाचा पुतळा आता पर्थच्या स्टेडियमबाहेर आहे. हे भाच्यानंच सांगितलं, शाळेत शिकवलंय म्हणे. म्हातारा त्यावर काही बोलला नाही, मान हलवली आणि निघाला.

दुपारी लायगन स्ट्रीटला पास्ता खाल्ला आणि कार्लटनच्या मैदानावरनं, प्रिन्सेस पार्कवरनं, एक चक्कर. कार्लटन म्हणजे घरंदाज. १८६४ चा क्लब, ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान मेन्झीस या क्लबचे फॅन, म्हातारपणी त्यांना चालायला जमेना तेव्हा मैदानात उतार बांधून दिला, ते गाडीत बसूनच मॅच बघायचे. १९९५ नंतर फायनल जिंकलेले नाहीत, पण त्यांचा फॅन अजून पण जुन्या वाड्याच्या मालकासारखा चालतो, छप्पर गळत असेल पण चौकट सागवानी.

शनिवार, २२ एप्रिल

झोप उडालेली, दिवसा झोपलो. संध्याकाळी घराजवळच्या ओव्हलवर पोरं खेळत होती, तेलुगू पोरं, पंजाबी पोरं, आपली दोन-तीन मराठी, सगळ्यांच्या अंगात कुठल्या ना कुठल्या क्लबची जर्सी. मी आणि भाच्यानं मोजायला सुरुवात केली, काळे-पांढरे जास्त निघायला लागले तसं दाजी म्हणाले पुरे, चला जेवायला. ताई म्हणाली शाळेत पहिल्या दिवशी पोराला नाव विचारायच्या आधी टीम विचारली, ज्या पोराशेजारी बसवलं तो कॉलिंगवूडचा, झालं. म्हणजे बाकावर ठरलं. दाजींचं तरी काय वेगळं, पहिल्या नोकरीतला साहेब एसेंडनचा होता.

रात्री टीव्हीवर जिलाँगनं सिडनीला धुतलं. ९३ पॉईंटनी. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

रविवार, २३ एप्रिल

आज फूट्सक्रे. आग्रह माझा. दाजी म्हणाले तिथं आज मॅच नाही काही नाही, कशाला जायचं. पण शनिवारी रात्री त्यांनीच एक गोष्ट सांगितलेली, ती डोक्यातनं जाईना.

फूट्सक्रे म्हणजे पश्चिमेकडचा कामगारांचा भाग, त्यांची टीम बुलडॉग्ज. गरीब क्लब, तोवर एकदाच जिंकलेला, १९५४ ला. १९८९ मध्ये क्लबवर कर्ज झालं आणि लीगनं जाहीर करून टाकलं की हा क्लब फिट्झरॉय नावाच्या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन. विषय संपला. पण लोकांना तो संपवायचा नव्हता. रस्त्यावर आले, पीटर गॉर्डन नावाचा वकील पुढं झाला, कोर्टातनं थोडी मुदत मिळवली आणि त्या मुदतीत लोकांनी दारोदार डबे फिरवून दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले. पेन्शनवाल्या बायकांनी दिले, शाळेतल्या पोरांनी दिले. क्लब वाचला. आपल्याकडं गणपतीची वर्गणी मागायला आलं की आपण दाराआड लपतो.

आणि मग त्याच क्लबनं २०१६ ला, साखळीत सातव्या नंबरवर असताना, फायनल मारली. ६२ वर्षांनी. कोच ल्यूक बेव्हरिजनं स्वतःला मिळालेलं मेडल काढून कॅप्टन बॉब मर्फीच्या गळ्यात घातलं, कारण गुडघा गेल्यामुळं बिचारा ती फायनल खेळूच शकला नव्हता. हे दाजींनी सांगितलं आणि एसेंडनचा माणूस असून सांगताना आवाज जरा बसला.

मैदानाबाहेर टेड व्हिटनचा, बुलडॉग्जच्या जुन्या मोठ्या खेळाडूचा, पुतळा आहे, तिथं फोटो काढला. बंद दुकानं, वारा, एक व्हिएतनामी बाई पालेभाजीची पिशवी घेऊन चाललेली, गळ्यात लाल-पांढरा-निळा स्कार्फ. मॅच नाही, काही नाही. तिच्या मागनं भाचा बराच वेळ बघत होता. मेंबरशिपच्या यादीत बुलडॉग्ज कुठं तरी खाली आहेत. पण तीव्रता म्हणाल तर माझं मत यांना. आकडा मोठा असायला शहर मोठं लागतं, डबा फिरवायला वेगळंच काहीतरी लागतं.

फिट्झरॉय मात्र वाचला नाही. १९९६ नंतर त्याला ब्रिस्बेनच्या टीममध्ये घातलं, तिकडं क्वीन्सलँडला, आपल्या इथनं दिल्लीपेक्षा लांब. काही फॅननी क्लबचं चिन्ह सिंह आणि गाणं तिकडं गेलं म्हणून टीम पण मनानं तिकडं नेली, काहींनी फुटी बघायचीच सोडली. एक पेठ उचलून दुसऱ्या राज्यात ठेवली तर काय होईल, विचार करून बघा.

परत येताना ट्रेनमध्ये कार्लटनचे फॅन चढले. सेंट किल्डाकडनं हरून आलेले. इतकी शांत ट्रेन मी आयुष्यात बघितली नाही, मयताला जाऊन आलेल्या टेम्पोत पण जास्त बोलतात.

सोमवार, २४ एप्रिल

अखेर एमसीजी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड! रिचमंड स्टेशनवरनं चालत गेलो, लोकांचा लोंढा, पिवळं आणि काळं, पिवळं आणि काळं. आजची मॅच रिचमंड विरुद्ध मेलबर्न, अँझॅक डे म्हणजे सैनिकांच्या दिवसाच्या आदल्या रात्रीची.

स्टेडियमबाहेर पुतळेच पुतळे. क्रिकेटर शेन वॉर्नजवळ गर्दी. मी थांबलो दुसऱ्याच पुतळ्यापाशी, टॉम विल्स, अंपायरिंग करतोय. हा मूळचा क्रिकेटर. १८५८ मध्ये यानं पेपरात पत्र लिहिलं की हिवाळ्यात क्रिकेटर लोकांचं अंग आखडू नये म्हणून काहीतरी खेळ सुरू करा, आणि त्यातनं हा सगळा उद्योग उभा राहिला. याच विल्सनं पुढं आदिवासी खेळाडूंची क्रिकेट टीम शिकवली, त्यात जॉनी मुलाघ होता. आणि त्या मुलाघच्या नावाचं मेडल २०२० च्या बॉक्सिंग डे टेस्टला पहिल्यांदा दिलं गेलं, कुणाला, तर आमच्या अजिंक्य रहाणेला, ११२ मारल्याबद्दल! मी हे भाच्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो म्हणाला, “ओके मामा, पण रहाणे कुणाला सपोर्ट करतो?”

आत बसलो. पहिला धक्का म्हणजे वेगवेगळी गॅलरीच नाही. गोलमागं दोन्ही बाजूंचे कट्टर लोक, चिअर स्क्वॉड, झेंडे घेऊन असतात तेवढंच, बाकी रिचमंडचा माणूस, शेजारी मेलबर्नचा, त्याच्या शेजारी नवरा एका टीमचा बायको दुसऱ्या टीमची. मधे पोलिस नाहीत. आमच्याकडं असं बसवलं तर पहिल्या हाफलाच खुर्च्या मोजायला लागतील. मी दाजींना म्हटलं यांना वेड कमी आहे का काय. दाजी म्हणाले थांब जरा.

खेळाडू येताना भलामोठा कागदी बॅनर फाडून येतात. तो कागद क्रेपचा असतो, फॅन लोक आठवडाभर बसून चिकटपट्टीनं जोडतात, आणि टीम धावत येऊन तीन सेकंदांत त्याच्या चिंध्या करते. दर आठवड्याला. आपल्याकडं गणपतीची आरास निदान दहा दिवस टिकते.

आणि मग आवाज. कुणी बॉल घेऊन अडकला की ऐंशी हजारांच्या वर माणसं एकदम ओरडतात, “बॉऽऽऽल!” अंपायरनं शिट्टी मारावी म्हणून. पहिल्यांदा मी दचकून चहा सांडला, स्वेटरवरच. रिचमंडच्या गाण्यात एक जागा येते, ‘येलो अँड ब्लॅक’, तिथं हे लोक गात नाहीत, भुंकतात. सिमेंट हलतं पायाखाली. आवाजाच्या बाबतीत मी यांना पहिला नंबर देतो, कॉलिंगवूडच्या पण वर, भाच्यानं वाचलं तर रागावेल. हेच रिचमंडचे फॅन मधली ३७ वर्षं रडकुंडीला आलेले, टीम दर वर्षी नवव्या नंबरवर लटकायची, चिडून मेंबरशिप कार्ड मायक्रोवेव्हमध्ये घालून भाजल्याचे किस्से लोक अजून सांगतात. मग २०१७ ला जिंकले, स्वान स्ट्रीट रात्रभर भरून वाहत होता, आणि पुढच्या वर्षी लाख मेंबर करणारा पहिला क्लब हाच.

आज मात्र मेलबर्न जिंकलं. त्यांचे लोक कमी आणि सभ्य, टाळ्या वाजवतात. सगळ्यात जुन्या क्लबांपैकी एक, पण लोक चेष्टा करतात की बर्फ पडायला लागला की यांचे फॅन मॅच सोडून स्कीइंगला जातात. शेजारचे मेलबर्नवाले आजोबा हे मला स्वतःच हसत हसत सांगत होते.

मंगळवार, २५ एप्रिल

अँझॅक डे. युद्धात गेलेल्या सैनिकांचा दिवस, पहाटे मानवंदना, दुपारी एसेंडन–कॉलिंगवूड. ही प्रथा १९९५ पासूनची, पहिलीच मॅच बरोबरीत सुटली आणि तेव्हापासून तिकिटासाठी मारामारी.

सकाळपासनं घरात बोलणं बंद. दाजी लाल-काळे, भाचा काळा-पांढरा, ताईनं मुद्दाम हिरवा पंजाबी ड्रेस घातला. मी स्वेटर घालावा तर भाचा, न घालावा तर दाजी. बाहेर गार वारं सुटलेलं, दुसरं काही जाड आणलेलंच नव्हतं. शेवटी स्वेटर घातला आणि भाच्याचा जादाचा काळा-पांढरा स्कार्फ वरनं गुंडाळला. ट्रेनमध्ये लोक माझ्याकडं असं बघत होते जसं काही मी शिवसेनेच्या दोन्ही गटांचे झेंडे घेऊन निघालोय.

आकडा स्क्रीनवर आला, ९५,१७९. या दिवसाचा विक्रम. आणि एवढ्या गर्दीत बिगुल वाजला आणि मिनिटभर जी शांतता पसरली, खांबावरच्या झेंड्याची दोरी आपटतेय तेवढाच आवाज. माझ्या मागं एक बाळ रडायला लागलं, आईनं तोंडावर हात धरला नाही, नुसतं उचलून छातीशी घेतलं आणि ते पण गप्प झालं. मिनिट संपलं आणि पुढचा जो आवाज आला तो कानांना नाही, बरगड्यांना कळला.

माझ्या डाव्या हाताला एक आजीबाई, सत्तरीच्या पुढच्या, कॉलिंगवूडच्या, जुन्या जाड कोटावर बिल्लेच बिल्ले, एकेक खेळाडूच्या नावाचा. कानात रेडिओचं एक बोंडूक, मांडीवर मॅचचं पुस्तक, प्रत्येक गोल पेन्सिलीनं लिहितायत. ताईनं जयसिंगपूरचं भडंग आणलेलं, पुढं केलं. आजींनी चिमूट खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायल्या, आणि परत हात पुढं केला. मग त्यांच्या डब्यातला केक आम्हाला. माझा अवतार बघून म्हणाल्या, तुझा काय घोळ आहे? मी बापलेकाकडं बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, माझा नवरा कार्लटनचा होता, ४१ वर्षं संसार केला.

मॅच सांगायची तर एसेंडन तीन क्वार्टर मस्त खेळलं. शेवटच्या क्वार्टरला चांगलं पुढं होतं, दाजी उभे राहून कुणालाही उद्देशून “नाद खुळा!” ओरडत होते, आजूबाजूचे चार गोरे पण शिकले. आणि मग कॉलिंगवूड सुटलं. निक डायकोस नावाचं वीस वर्षांचं पोरगं, बाप पीटर डायकोस पण याच क्लबचा मोठा खेळाडू, भाऊ पण याच टीममध्ये, म्हणजे घराणंच, त्याला बॉल चिकटलेला असल्यासारखा. एक गोल, अजून एक, अजून एक. सगळं स्टेडियम एका लयीत, “कॉऽलिंगवूऽड, कॉऽलिंगवूऽड”, धीम्या आवाजात, घाई नाही, पालखी येताना लांबनं टाळ ऐकू येतात तसं जवळ जवळ येत गेलं. अंगावर काटा आला. आजींची पेन्सिल थांबली, पुस्तक खाली पडलं, त्यांना कळलं पण नाही. ७७ विरुद्ध ९०, तेरा पॉईंटनी कॉलिंगवूड.

दाजी खाली बसले. स्वेटर माझा पण गप्प झाला. आणि तेव्हा मी बघितलं, हरलेले एसेंडनचे लोक उठून गेले नाहीत लगेच. कितीतरी जण बसून होते, समोर बघत. या क्लबनं २००४ नंतर बाद फेरीतली एक मॅच जिंकलेली नाही. २०१६ ला तर डोपिंगच्या, म्हणजे बंदी असलेल्या औषधांच्या, प्रकरणात एका फटक्यात इतके खेळाडू बंदीत गेले की टीम तळाला गेली, तरी त्या वर्षी पन्नास हजारांच्या वर मेंबर होते. दाजींना विचारलं, त्या वर्षी तुम्ही भरले होते पैसे? म्हणाले, “त्याच वर्षी पहिल्यांदा भरले.” का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पण विचारलं नाही.

बाहेर पडताना भाच्यानं बापाचा हात धरला. म्हटलं पोरगं सुधारलं. तर हळूच म्हणतो, “डॅडी, तरी अजून तुम्ही सोळा आणि आम्ही पंधरा.” समजूत काढली का मीठ चोळलं, मला अजून कळलेलं नाही.

बुधवार, २६ एप्रिल

परतीचं विमान. स्वेटर दाजींकडं राहिला, स्कार्फ बॅगेत निघाला, दोन्ही बाजू म्हणतात आम्ही जिंकलो.

आणि मग त्याच वर्षी ३० सप्टेंबर. अनंत चतुर्दशी नुकतीच झालेली, मिरवणुकीच्या जागरणानं डोळे सुजलेले, शनिवारी सकाळी दहाला फोनवर फायनल लावून बसलो. कॉलिंगवूड विरुद्ध ब्रिस्बेन, तो फिट्झरॉयचा सिंह छातीवर घेऊन खेळणारा ब्रिस्बेन. शेवटपर्यंत कोण जिंकतंय कळेना. ९०–८६. चार पॉईंटनी कॉलिंगवूड. आई म्हणाली कोण गेलं का, एवढ्यांदा ओरडलास.

पाच मिनिटांनी ताईच्या नंबरवरनं फोटो आला. घरातली बैठकीची खोली, सोफ्यावर दाजी, अंगात माझा लाल-काळा स्वेटर, तोंड फिरवलेलं. शेजारी भाचा, वहीच्या पानावर स्केचपेननं लिहिलेला आकडा दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरलेला.

१६.